कोनाड्यातल्या वहाणा

रामपायली हे नाव कानावर पडले, की आपल्या बाजूच्या माणसाला आधी धान्य मोजायची पायली आठवते. त्यात नवल काही नाही. खळ्यावर पहिले माप टाकताना 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणणारी आपली माणसे. मापाच्या मागे-पुढे देवाचे नाव लावले तर ते कुणाला खटकणार नाही. पण त्या गावात जाऊन विचारले, तर लोक निराळेच सांगतात. वनवासात असताना राम या वाटेने गेला, त्याची पावले येथे उमटली, म्हणून ही रामपायली. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या पंडितांना कितपत पटेल ते पटो. मला ती फार आवडते. एखादा माणूस येऊन निघून गेला आणि त्याच्या जाण्याचेच गावाला नाव पडले, ही कल्पना काही साधी नव्हे.

हे गाव मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात, वारासिवनी तालुक्यात, चंदन नदीच्या काठी आहे. नदीवर भोसल्यांच्या काळातले रामाचे मंदिर आहे. १९५६ सालच्या १ नोव्हेंबरपूर्वी नागपूर, भंडारा आणि बालाघाट हे एकाच प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. त्या दिवशी नागपूर-भंडारा मुंबई राज्यात आले आणि बालाघाट मागे राहिला. मराठी बोलणारी घरे तिथे आजही आहेत, पण पत्त्यावरचा प्रांत वेगळा. कोल्हापूरच्या माणसाला मात्र हा प्रदेश वाटतो तेवढा परका नाही. आपल्या स्टेशनातून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस अख्खे राज्य आडवे कापत गोंदियाला जाऊन थांबते. तिथून वर बालाघाट, मग वारासिवनी, आणि मग मोटारीने रामपायली. रात्र आणि दिवस गाडीत काढायची तयारी असली म्हणजे झाले.

हे सारे सांगायचे कारण शिल्पकलेचे आहे. अलीकडे आपल्याकडच्या प्रदर्शनांतून एक प्रकार वारंवार दिसू लागला आहे. शिल्पकार दगड फोडत नाही, माती मळत नाही, साचा ओतत नाही. तो जुन्या बाजारातून, पाडलेल्या घरातून, अडगळीतून एखादी वस्तू उचलतो आणि तीच शिल्प म्हणून आपल्यापुढे ठेवतो. याचे मूळ पुरुष म्हणून मार्सेल द्युशाँचे नाव घेतात. १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये त्याने दुकानातले तयार मूत्रपात्र 'कारंजे' या नावाने प्रदर्शनाला पाठवले आणि ते मांडायला नकार मिळाला. ती मूळ वस्तू पुढे हरवली; तिच्यावर झालेली चर्चा मात्र शंभर वर्षांनंतरही संपलेली नाही. १९४२ साली पिकासोने सायकलची बैठक आणि हँडल एकमेकांना जोडून बैलाचे मस्तक केले. आपल्याकडे १९६० च्या सुमारास बडोद्याच्या कलाशाळेतून पुढे आलेल्या राघव कनेरियांनी भंगारातल्या लोखंडातून शिल्पे घडवली. या सर्वांत वस्तूचे रूप बदलण्याची गंमत होती. पिकासोच्या बैलात सायकल आधी दिसते की बैल आधी दिसतो, हा मनाचा खेळ मोठा रमणीय आहे. पण ज्या प्रकाराविषयी मला लिहायचे आहे तो याहून गंभीर आहे. तेथे वस्तू दुसरे काही होत नाही. ती जी आहे तीच राहते, आणि तिला वापरणारा तेवढा नसतो.

असले काही पाहिले की आपल्यातले जुने लोक म्हणतात, ही परदेशची थेरं. मला हे मान्य नाही. माणूस नसताना त्याची वस्तू मांडून ठेवणे, आणि त्या वस्तूतून त्याचे नसणे दाखवणे, ही युक्ती आपल्याला जितकी जुनी ठाऊक आहे तितकी क्वचितच कुणाला असेल. भरताने काय केले? चित्रकूटावर त्याने रामापुढे सोन्याने मढवलेल्या पादुका ठेवल्या, त्यावर पाय ठेवायला सांगितले, त्या मस्तकी धरून आणल्या आणि नंदिग्रामात सिंहासनावर ठेवून त्यांच्यावर छत्र धरले. वाल्मीकींच्या वर्णनात एक बारकावा आहे, तो कीर्तनांत बहुधा हरवतो. त्या पादुका रामाच्या नित्याच्या पायातल्या नव्हेत. रामाने त्यांवर पाय ठेवला आणि काढला, एवढाच त्यांचा त्याच्याशी संबंध. चौदा वर्षांच्या राज्याला तो एक स्पर्श पुरला.

सांची-भारहुतच्या जुन्या शिल्पांत बुद्धाचे चरित्र आहे आणि बुद्धाची मूर्ती नाही. रिकामे आसन आहे, छत्र आहे, पायांचे ठसे आहेत. या रिकाम्या आसनांचा अर्थ काय लावावा याबद्दल विद्वानांत वाद आहेत, ते असोत. आपल्याला इतक्या लांबही जायला नको. आपली नरसोबाची वाडी आहे. श्रीनृसिंहसरस्वती तिथून गाणगापूरला निघाले तेव्हा योगिनी शोक करू लागल्या, आणि मी इथेच आहे असे सांगून ते गेले. त्यांच्यामागे वाडीत राहिल्या त्या मनोहर पादुका. औदुंबरला विमल पादुका, गाणगापूरला निर्गुण पादुका. पावसाळ्यात कृष्णेला पूर येतो, पाणी गाभाऱ्यात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, आणि त्या पाण्यात स्नान करायला कुठून कुठून लोक येतात. पालखीतही दुसरे काय असते? तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली असे सांगतात. त्या पालखीत पादुका. लाखो माणसे जिच्यामागे पंढरपूरपर्यंत चालत जातात ती पालखी एका अर्थाने रिकामी असते, आणि तसे म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही.

संतांच्या पादुका आपण ठेवतो. घरातल्या माणसाचे जोडे मात्र ठेवत नाही. माणूस गेल्यावर बाराव्या-तेराव्याला दान करतात त्यात छत्री असते आणि जोडे असतात. पुढच्या वाटेला ऊन आहे, काटे आहेत, म्हणून. म्हणजे गेलेल्याचे पाय अजून चालत आहेत, ही समजूत दोन्हीकडे सारखीच. संत आपल्यासाठी मागे राहतो. वडील पुढे जातात, त्यांना जोडे लागतात.

रामपायलीला माझ्या आत्याचे घर. आतोबा मूळचे तिथलेच. नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे कोल्हापुरात होते, त्या वेळी लग्न जमले, आणि निवृत्तीनंतर दोघे गावच्या घरी जाऊन राहिली. कोल्हापूरची दोनच गोष्टींची ओढ आतोबांना शेवटपर्यंत राहिली. एक, पांढरा रस्सा, जो तिकडे कुणाला साधला नाही. आणि दुसरी, पायात इथलेच पायताण पाहिजे. दर दिवाळीच्या आधी त्यांचे पत्र येई. पत्रात एक कागद घडी घालून ठेवलेला असे, आणि त्यावर जांभळ्या पेन्सिलीने पायाची बाह्यरेषा काढलेली असे. वडील तो कागद घेऊन चप्पल लाईनला जात. कारागीर कागद मांडीवर पसरून अंगठ्यापाशी बोट ठेवी आणि म्हणे, "यंदा पाय पसरलाय मालकांचा." वय होऊ लागले की तळवा रुंद होतो हे मला तिथे कळले. वर्षावर्षाच्या त्या कागदांची चळत वडिलांच्या कपाटात होती. एकावर एक ठेवून उजेडात धरली असती, तर एका माणसाचे म्हातारे होणे रेघांत दिसले असते.

कोल्हापुरी चपलेची एक गोष्ट आपल्या वाचकांना सांगायला नको, पण इतर शिल्पवस्तूंहून ती वेगळी का, यासाठी सांगतो. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले कातडे, कातड्याच्याच वादीने शिवलेले, खिळा नाही. नवी असताना ती चावते. आठ दिवस तेल पाजून, ओली करून, फोड सोसून ती पायाला लावून घ्यावी लागते. आणि एकदा लागली की ती त्या पायाची होते. अंगठ्याखाली खळगा पडतो, टाचेखाली दुसरा, चवड्याची जागा काळी पडते. दुसऱ्याने ती घातली तर पाय तिच्यात बसत नाही. मूर्तिकार साच्यात माती दाबून आकार घेतो. इथे आयुष्य चालून साचा तयार होतो.

आतोबा गेले तेव्हा मी रामपायलीला होतो. दानात नवे जोडे गेले. जुन्या वहाणा ओसरीवरच्या कोनाड्यात होत्या, तिथेच राहिल्या. ते घर मातीच्या भिंतींचे, वर कवेलू. भिंतीत हातभर खोल कोनाडा. त्यात पूर्वी कंदील असे, त्याची काजळी वरच्या कमानीला अजून होती. आत्याने वहाणा तिथे मुद्दाम मांडल्या नव्हत्या. आजारात आतोबांनी शेवटच्या खेपेला बाहेरून येऊन त्या जिथे ठेवल्या, तिथून कुणी हलवल्या नाहीत, इतकेच. एक जरा पुढे, एक मागे. सकाळी सडा घालून झाला की आत्या फडक्याने कोनाडा पुसे. वहाणा उचली, पुशी, आणि पुन्हा तशाच ठेवी, एक पुढे, एक मागे. फूल ती वाहत नसे. पाया पडताना मी तिला कधी पाहिले नाही.

या मांडणीला मी शिल्प म्हणावे काय? आत्याने ऐकले असते तर हसली असती. पण मला स्वतःला हा प्रश्न टाळता येईना, कारण जवळजवळ हीच मांडणी एका मोठ्या शिल्पकर्तीने केलेली आहे.

डोरिस साल्सेदो ही कोलंबियाची. १९५८ साली बोगोटा शहरी तिचा जन्म. तिच्या देशात कित्येक वर्षे यादवी चालली, माणसे घरातून उचलून नेली जात आणि पुन्हा दिसत नसत. मेल्याची खात्री नाही, जिवंत असल्याची आशा नाही. कधी प्रेत सापडले तर पायातल्या जोड्यावरून ओळख पटायची. साल्सेदो अशा घरांतून हिंडली, घरच्यांशी बोलली, आणि त्यांच्याकडून तिने नाहीशा झालेल्या माणसांचे, बहुतांशी बायकांचे, जोडे मिळवले. भिंतीत छोटे कोनाडे करून त्यांत ते ठेवले. मग प्रत्येक कोनाड्याच्या तोंडावर जनावराच्या मूत्राशयाचा पातळ पडदा ताणून तो शस्त्रक्रियेच्या काळ्या दोऱ्याने भिंतीलाच शिवून टाकला. पडद्यातून जोडे दिसतात, पण धूसर. नजर स्पष्ट होईना म्हणून पाहणारा पुढे पुढे सरकतो आणि टाक्यांपाशी येऊन थांबतो. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिने ही शिल्पे केली आणि पुढेही करत राहिली. छायाचित्रांत ती प्रथम पाहिली तेव्हा मला वाडी आठवली, आणि लगेच आपण चुकीची आठवण काढली असे वाटले. पादुका उघड्या असतात. त्यांना स्पर्श करता येतो, त्यांवर पाणी घालता येते. पादुका सांगते, तो इथे आहे. बोगोटाचा जोडा विचारतो, ती कुठे आहे? रिकामेपण तेच, कोनाडाही तोच. एकात उत्तर आहे, दुसऱ्यात सवाल शिवून ठेवलेला.

सापडलेल्या वस्तूंतून शिल्प करणाऱ्याची खरी परीक्षा मला इथे दिसते. जुनी वस्तू आणून ठेवली की आठवण आपोआप तयार होते, अशी अनेकांची समजूत आहे. गंजलेले कुलूप, तुटका कंदील, मोडकी खुर्ची यांची दाटी केलेली दालने मी पुष्कळ पाहिली. त्यांत धूळ असते, पण माणूस नसल्याची जाणीव नसते, कारण तो माणूस कोण आणि तो का नाही, हे करणाऱ्यालाच ठरवता आलेले नसते. हॉटेलच्या दारात उलटे टाकलेले जाते आणि भिंतीला टेकवलेले बैलगाडीचे चाक यांत अन् अशा शिल्पांत मला फारसा फरक वाटत नाही.

याउलट मुंबईत वाढलेले सुदर्शन शेट्टी यांचे काम पाहावे. जन्म १९६१ सालचा, मंगळूरचा, शिक्षण जे. जे. मध्ये चित्रकलेचे, पण ते वळले शिल्पाकडे. २०१४ च्या सुमारास त्यांनी फुटक्या चिनी मातीच्या भांड्यांची एक मालिका केली. बशी, किटली, बरणी. फुटलेले तुकडे जोडले, आणि जो तुकडा मिळालाच नाही तो लाकडाचा घडवून बसवला. आकार पूर्ण होतो, पण लाकूड चिनी मातीचे सोंग घेत नाही. हरवलेला तुकडा हरवलाच आहे, हे किटली कबूल करते आणि तरी किटली म्हणून उभी राहते. आपल्याकडे भांड्याला डाग देत तसेच हे. पितळेवर बसलेला कथलाचा डाग कधी लपत नसे आणि कुणी तो लपवीतही नसे.

त्यांचे 'शून्य घर' २०१६ साली दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मांडले होते. जुन्या घरांतून निघून पुन्हा बाजारात आलेल्या लाकडांतून त्यांनी खांब, दरवाजे, कमानी उभ्या केल्या. दार आहे, पण त्यामागे घर नाही. कल्पनेचा धागा गोरखनाथांच्या निर्गुणी पदाचा. ते पद आपल्या पिढीला दिले कुमार गंधर्वांनी, देवासच्या मुक्कामी. १९४८ साली क्षयाने आजारी असलेला हा गवई त्या छोट्या संस्थानी गावात हवापालटासाठी गेला, कित्येक वर्षे गाऊ शकला नाही, आणि शेवटपर्यंत, १९९२ पर्यंत, तिथेच राहिला. आसपासच्या लोकांकडून ऐकलेली निर्गुणी भजने त्याने आपल्या गळ्यात घेतली. तीही एक प्रकारे सापडलेलीच वस्तू म्हणायची. शेट्टींचे लाकूड पाहताना ती पोकळी कानांनाही जाणवते, हे मात्र ज्यांनी कुमारांना ऐकले आहे त्यांनाच कळेल.

या विषयावर लिहिताना पुण्याच्या केळकर संग्रहालयाला वगळता येत नाही. दिनकर गंगाधर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. त्यांचा राजा नावाचा मुलगा बालवयात गेला. केळकर आणि त्यांच्या पत्नी कमलाबाई यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये, दरवाजे, पाय घासायच्या वज्र्या असा सुमारे २० हजार वस्तूंचा संसार गोळा केला, आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. नाव मुलाचे: राजा दिनकर केळकर संग्रहालय. वस्तू हजारो अनोळखी घरांतल्या, आणि त्या सर्वांच्या डोक्यावर एका मुलाचे नाव. त्या वज्र्यांच्या कपाटापाशी मी नेहमी थांबतो. मोर, हत्ती, घोडेस्वार अशा मुठींच्या त्या वज्र्या. खालचा खरखरीत भाग कुणाकुणाच्या टाचांनी झिजवलेला. शेकडो टाचा, आणि पाऊल एकाचेही नाही. केळकर शिल्पकार नव्हते, पण महाराष्ट्रात या प्रकारचे सर्वांत मोठे शिल्प त्यांनी केले असे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही.

जाता जाता एक. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशनच्या मेळ्यात प्रादा नावाच्या प्रख्यात कंपनीने आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल मिरवली आणि आधी कोल्हापूरचे नाव घेतले नाही. आपल्याकडे ओरड झाली, कंपनीने पुढे मूळ मान्य केले. २०१९ पासून या चपलेला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा ओरड रास्तच होती. मला मात्र चित्रातल्या त्या चपला बघताना वाटत राहिले, की यांना कुठेच खळगा नाही. ती अजून कुणाची झालेली नाही. ती चोरता येते. रामपायलीच्या कोनाड्यातली कुणी नेऊन काय करणार?

पुढे आत्याला गाव सोडावे लागले. गुडघे गेले, मुलगा नागपूरला, तिथे तिसऱ्या मजल्यावर घर. सामान बांधायला मी गेलो होतो. काय न्यायचे, काय द्यायचे, यावर दोन दिवस गेले. पाटा-वरवंटा न्यायचा ठरला. पाट्याला मध्ये पडलेली खोलगट जागा तिच्या हाताची होती, नव्या पाट्यावर वाटण साधणार नाही म्हणाली. पितळी भांड्यांवर नावे घातलेली होती, लग्नातल्या आहेरांची, बारशाची, तीही निघाली. नावांच्या माणसांपैकी निम्मी आता नव्हती, पण तांब्या तांब्याच राहिला होता आणि पाणी प्यायला लागणारच होते. माझा आतेभाऊ व्यवहारी. कोनाड्याकडे बघून म्हणाला, "आई, ह्याचं काय?"

आत्या काही बोलली नाही. मला वाटले, ती त्या कापडात गुंडाळून ट्रंकेत टाकील. मी मनात त्यांच्यासाठी एक काचेची पेटीही कल्पून ठेवली होती. नागपूरच्या दिवाणखान्यात, दिव्याखाली. तसे बोलूनही दाखवले.

"नको रे बाळ," ती म्हणाली. "तिथं नेल्या तर त्या नुसत्या जुन्या वहाणा होतील. येणारा-जाणारा विचारील, ह्या कुणाच्या. इथं कोण विचारतं?"

मग नेहमीप्रमाणे तिने फडके घेतले, दोन्ही उचलल्या, कोनाडा पुसला, आणि पुन्हा ठेवल्या. एक पुढे, एक मागे. ओसरीचे दार ओढून घेतले, कडी लावली, कुलूप घातले, आणि किल्ली मुलाकडे न देता पदराच्या टोकाला बांधली. वारासिवनीची मोटार यायला अजून वेळ होता, म्हणून आम्ही चंदनच्या घाटावर जाऊन बसलो.